दूच्या वळणातले शनिवार-रविवार

दू नदी बेझांसों गावाला जवळजवळ पूर्ण वळसा घालते. नदीने जेवढी जागा मोकळी सोडली तेवढी डोंगराने अडवली आहे, आणि त्या डोंगरावर किल्ला आहे. इसवी सनापूर्वी ५८ मध्ये ज्यूलियस सीझर फौजेसह इथे आला होता. ही निसर्गाने बांधलेली तटबंदी त्याला इतकी भावली की आपल्या युद्धवृत्तांतात त्याने तिचं वर्णन लिहून ठेवलं. पूर्व फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडच्या सरहद्दीजवळ वसलेल्या या गावाची वस्ती आज सुमारे १ लाख २० हजार आहे. आमच्या कोल्हापूरचा चौथा हिस्साही नाही. मी इथे सूक्ष्म यंत्रं घडवण्याचं शिक्षण घेते. सोमवार ते शुक्रवार वर्ग आणि प्रयोगशाळा. फ्रान्सशी माझी खरी ओळख झाली ती शनिवारी आणि रविवारी, वर्गाबाहेर.

शनिवारची सकाळ बाजाराची. जुन्या गावात क्रांती चौक आहे. तिथे जुन्या धान्यबाजाराच्या इमारतीत कलासंग्रहालय आहे आणि त्याच्यासमोर शेतकरी आपापली टेबलं मांडतात. बटाटे, गाजरं, मध, मशरूम, लाकडी खुंटी लावून तोंड बंद केलेले मोर्तो गावचे सॉसेज. चीजवालीपुढे रांग असते. माझ्या पुढच्या आजीबाई टेबलापाशी पोचल्या. आधी नमस्कार-चमत्कार झाले, मग कोंते चीजची चौकशी. चीजवालीने विचारलं, फळासारखं गोडसर हवं की खारट? मग सुरीच्या टोकावर एक पातळ कापा पुढे केला. आजींनी तो सावकाश खाल्ला, मान हलवली, दुसरा मागितला. मग हे चीज आज खाणार की उद्या पाहुणे आल्यावर, यावर बोलणं झालं. मागे आम्ही सातआठ जण उभे होतो. कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही, कोणी घसा खाकरला नाही. माझा नंबर आला तेव्हा तेवढाच वेळ मलाही मिळाला.

आमच्या कपिलतीर्थ मंडईत भाजीवाली मावशी एकाच वेळी चार गिऱ्हाईकं सांभाळते. एकीला भेंडी तोलून देताना दुसरीला कोथिंबिरीचा भाव सांगते आणि तिसरीच्या पिशवीत चार मिरच्या जास्तीच्या टाकते. त्या चपळाईचं मला आजही कौतुक आहे. पण बेझांसोंच्या बाजारात एक वेगळा हिशोब दिसला. समोर उभ्या असलेल्या माणसाचा वेळ हा त्याचा हक्क आहे आणि तो त्याला पूर्ण द्यायचा, हे रांगेतल्या सगळ्यांना मान्य असतं. घासाघीस होत नाही, कारण भाव पाटीवर लिहिलेला असतो. तुमची खरी ओळख भावावरून नव्हे, नमस्कारावरून होते. दुकानात शिरताना ‘बोंझूर’ न म्हणता थेट वस्तू मागणाऱ्याला इथले लोक वस्तू देतात, पण माणूस म्हणून फारसं जवळ करत नाहीत.

ज्या संग्रहालयासमोर हा बाजार भरतो त्याची गोष्टही याच स्वभावाची आहे. १६९४ मध्ये इथल्या एका धर्मगुरूने आपली पुस्तकं, चित्रं, नाणी मठाला देऊन टाकली. अट एकच होती, ती लोकांना पाहायला खुली ठेवायची. फ्रान्समधल्या सर्वात जुन्या सार्वजनिक संग्रहांपैकी हा एक.

बाजार आटोपला की मी पिशवी घेऊन उगाच गल्ल्यांतून हिंडते. इथली घरं शायूच्या जंगलातल्या खाणींच्या दगडाची आहेत. एकाच चिऱ्यात फिकट पिवळा आणि राखाडी निळा असे दोन रंग असतात. पाऊस पडून गेला की निळा गडद होतो आणि सगळी गल्ली वेगळीच दिसते. पूल ओलांडला की बातां पेठ लागते. पूर्वी ही द्राक्षमळेवाल्यांची वस्ती होती. जड लाकडी दार उघडं दिसलं तर आत डोकवावं. आत चौक असतो, आणि चौकात बाहेरच्या बाजूने वर चढत जाणारा जिना. कोल्हापुरातल्या जुन्या वाड्यांची आठवण आली नाही असं एकदाही झालं नाही.

मोठ्या रस्त्यावर, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, दोन जन्मघरं आहेत. एकात १८०२ मध्ये व्हिक्टर ह्यूगो जन्मला. दुसऱ्या ठिकाणी १८६२ आणि १८६४ मध्ये ऑगस्त आणि लुई हे लुमिएर बंधू. त्या दुसऱ्या घरासमोर मी बराच वेळ उभी राहिले. या भावांनी डिसेंबर १८९५ मध्ये पॅरिसला हलती चित्रं दाखवली आणि ७ जुलै १८९६ ला ती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोचली. पुढे आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी घडवला. तिथे मी लहानपणापासून सिनेमाच्या स्टुडिओच्या ज्या गोष्टी ऐकल्या, त्यांचा एक धागा या शांत फ्रेंच रस्त्यावरून निघाला आहे.

किल्ल्याची वाट रोमन काळातल्या ‘काळ्या दारा’खालून जाते. हे दार म्हणजे दुसऱ्या शतकातली दगडी कमान. तिच्या मागे कॅथेड्रल आहे आणि तिथून चढ सुरू होतो. गडाची चढण चढायची सवय असलेल्या माणसाला हा चढ फार वाटत नाही. माथ्यावर पोचल्यावर मात्र थांबावं लागतं. खाली नदीचं वेटोळं, आत लाल-तपकिरी छपरं आणि शेकडो धुराडी. वर तीन ओळींत उभ्या असलेल्या, एकामागे एक डोंगराची वाट बंद करणाऱ्या जाड भिंती.

हा किल्ला सेबास्तियां द वोबां या इंजिनियरच्या आराखड्याचा. बेझांसों तेव्हा स्पेनच्या राजघराण्याकडे होतं. १६६८ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने ते घेतलं, काही महिन्यांत परत द्यावं लागलं, आणि १६७४ मध्ये तो स्वतः वेढ्याला येऊन बसला. मे महिन्यात आधी गाव पडलं, मग किल्ला. माहितीफलकावर तो सन वाचला आणि मी तिथल्या तिथे दिवस मोजू लागले. बेझांसोंचा किल्ला पडला २२ मे १६७४ ला. त्यानंतर महिनाभरातच, जूनमध्ये, रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. महाराजांचा जन्म १६३० चा, वोबांचा १६३३ चा. दोघांची कधी गाठ पडली नाही. तरी दोघंही एकाच दशकात एकाच प्रश्नाला भिडत होते: तोफांच्या जमान्यात डोंगर कसा राखायचा?

उत्तरं मात्र निराळी आहेत. सह्याद्रीत कडाच तट असतो. जिथे कडा कमी पडतो तिथेच बांधकाम. वोबांने डोंगराला भूमितीत बसवलं. तोफेचा गोळा अंगावर घेऊन जिरवतील अशा रुंद भिंती, एका बुरुजावरून दुसऱ्याच्या पायथ्यावर मारा करता येईल असे कोन. आपल्याकडे पाण्यासाठी कातळात टाकी खोदली. इथे खडकात शंभर मीटरहून खोल विहीर खणली आणि बादली ओढायला एक प्रचंड लाकडी चाक बसवलं. त्या चाकाच्या आत माणसं चालत राहायची, तेव्हा पाणी वर यायचं. त्या चाकापाशी माझ्याबरोबर आलेली मोरोक्कोची मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “भिंती बांधणाऱ्याचं नाव राहिलं. चाकात चालणाऱ्यांचं कोणी लिहिलं नाही.”

किल्ल्यात दुसऱ्या महायुद्धातल्या प्रतिकाराचं संग्रहालय आहे. जर्मन ताब्याच्या काळात या आवारात सुमारे शंभर देशभक्तांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत आंरी फेर्ते नावाचा शाळकरी मुलगा होता. २६ सप्टेंबर १९४३ ला त्याला मारलं तेव्हा तो १६ वर्षांचा होता. मरण्यापूर्वी त्याने आईवडिलांना लिहिलेलं पत्र फ्रान्सभर माहीत आहे. आवारात फार कमी आवाज असतो. आपल्या गडांवर शनिवार-रविवारी घोषणा घुमतात, झेंडे येतात, भाकरी-ठेच्याचा डबा उघडतो, आणि त्यात गडाबद्दलची माया खरी असते. इथे आजोबा नातवाचा हात धरून गोळ्या घातल्या त्या जागेवरच्या खांबांपर्यंत जातात, खालच्या आवाजात काही सांगतात आणि परत फिरतात. आपण गडावर महाराजांचं नाव मोठ्याने घेतो. त्या शंभरांसारख्या माणसांची नावं सांगणारी ही खालच्या पट्टीतली रीतही आपल्या गडांवर यावी असं मला मनापासून वाटतं.

रविवारी सगळं बंद असतं. कपड्यांची दुकानं, पुस्तकांची दुकानं बंद. उघडी असतात ती पावाची आणि केकची दुकानं, तीही बहुतेक दुपारपर्यंत. त्यांच्यासमोर रविवारी सकाळी जी रांग लागते ती पाहून कोल्हापूरच्या माणसाला लगेच ओळख पटते, कारण आपल्याकडे त्याच वेळी तशीच रांग मटणाच्या दुकानासमोर असते. दोन्हीकडे कारण एकच. घरी जेवायला माणसं जमणार आहेत.

माझी घरमालकीण मला अधूनमधून त्या जेवणाला बोलावते. मादाम सत्तरीच्या आहेत. जेवण बारा-साडेबाराला सुरू होतं आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत चालतं. आधी हिरवी पानं, मग उकडलेले बटाटे आणि त्यावर कांकोयॉत. हे या प्रांताचं पातळ, तार धरणारं चीज. साय काढलेल्या दुधाच्या घट्ट दह्यापासून ते करतात आणि गरम करून ओततात. सोबत मोर्तोचं सॉसेज, सूचिपर्णी झाडांच्या भुशाच्या धुरावर दिवसच्या दिवस धुरावलेलं. मग चीजची थाळी, मग फळांचा टार्ट. एक पदार्थ संपल्याशिवाय दुसरा येत नाही. आपण ताटात चटणी-कोशिंबिरीपासून भातापर्यंत सगळं एकदम मांडतो आणि जेवणारा आपल्या मर्जीने फिरतो. इथे पदार्थांची पाळी ठरलेली, त्यामुळे बोलण्यालाही टप्पे मिळतात. बटाट्यांवर राजकारण, चीजवर शेजारीपाजारी, टार्टवर जुन्या आठवणी.

अशाच एका टार्टनंतर त्यांचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. माझ्या हातात वडिलांचं चावीचं एचएमटी असतं.

“दिवसाला किती मागे पडतं?” त्यांनी विचारलं.

“चारेक मिनिटं.”

त्यांनी टेबलावर पांढरा रुमाल पसरला, खणातून एक डोळ्याला लावायचं भिंग काढलं, चिमटा काढला, पातळ पात्याने घड्याळाचं मागचं झाकण उचललं. केसाइतकी बारीक स्प्रिंग आणि तिच्यासोबत मागेपुढे झुलणारं चक्र. मान जराही न हलवता त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग चिमट्याच्या टोकाने एक पट्टी किंचित सरकवली, इतकी किंचित की मला ती हललेली दिसलीच नाही.

“आता दीडेक मिनिट पडेल,” त्या म्हणाल्या. “त्याहून बरं हवं तर साफ करायला लागेल. तेल वाळलंय. पण घड्याळ प्रामाणिक आहे. कोणी बनवलं?”

मी सांगितलं, बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यात बनलं, आणि आता तिथे घड्याळं बनत नाहीत. त्या हसल्या नाहीत. “आमच्यासारखंच,” एवढंच म्हणाल्या.

बेझांसों हे घड्याळांचं गाव. १७९३ मध्ये लोरां मेझवां आणि त्याच्यासोबतचे कारागीर स्वित्झर्लंडमधून राजकीय कारणांनी पळून इथे आले आणि धंदा रुजला. पुढच्या शतकात फ्रान्समधली बहुतेक घड्याळं इथे बनत. गावाच्या वेधशाळेत घड्याळांची परीक्षा होई आणि उतरलेल्या घड्याळावर सापाच्या डोक्याचा शिक्का बसे. कॅथेड्रलमध्ये १८६० मध्ये पूर्ण झालेलं खगोलशास्त्रीय घड्याळ आहे. त्यात सुमारे ३० हजार भाग आहेत. मी जे शिकते त्याचं मूळ हेच. घड्याळं गेली, पण मिलिमीटरचे तुकडे पाडून काम करणारे हात राहिले आणि ते आता सूक्ष्म यंत्रांकडे वळले.

मादाम ‘लिप’ कारखान्यात होत्या. १९७३ मध्ये मालकांनी मोठी कामगार-कपात ठरवल्याचं कामगारांच्या हाती लागलं, तेव्हा पालांत भागातला तो कारखाना कामगारांनी ताब्यात घेतला. हजारो तयार घड्याळं तारण म्हणून ठिकठिकाणी लपवली. मग स्वतःच उत्पादन सुरू केलं, घड्याळं थेट लोकांना विकली आणि त्यातून स्वतःचे पगार काढले. रोज सगळ्यांची सभा व्हायची. शार्ल प्याजे हे त्यांचे पुढारी. ते २०२३ मध्ये वारले. १९७३ मध्ये मादाम १८ वर्षांच्या होत्या. “पहिल्या सभेत मी मागे उभी होते. एका बाईने मला पुढे ढकललं. म्हणाली, तुझंही मत आहे, बोल.” २९ सप्टेंबर १९७३ ला देशभरातून एक लाखाच्या आसपास माणसं पावसात या गावात मोर्च्याला आली. तेव्हाच्या वस्तीच्या जवळपास बरोबरीने माणूस रस्त्यावर होता. कारखाना पुढे टिकला नाही. पण मादाम हरलेल्या माणसासारख्या बोलत नाहीत. आपल्याकडे १९८२ च्या गिरणी संपातल्या माणसांच्या तोंडून जी हळहळ ऐकू येते, तिच्यापेक्षा हा सूर मला वेगळा वाटला. काही महिने तरी आपण कारखाना चालवून दाखवला, हे त्यांच्या बोलण्यात सतत असतं.

संपत्तीवर प्रश्न विचारणारा प्रूदों याच गावात १८०९ मध्ये जन्मला. माणसांनी एकत्र राहून, वाटून काम करावं अशी स्वप्नं रंगवणारा शार्ल फूरिए १७७२ मध्ये याच गावात जन्मला. मी हे योगायोग मानत नाही. या प्रांतात एकत्र येण्याची सवय फार जुनी आहे, आणि तिचं मूळ मला गावाबाहेर पडल्यावर सापडलं.

त्याआधी तिच्या उलट्या बाजूचं एक ठिकाण पाहिलं. आर्क-ए-सनांचा राजेशाही मिठाचा कारखाना. क्लोद-निकोला लदू या वास्तुकाराने तो १७७५ ते १७७९ या काळात उभा केला. मिठाचं पाणी होतं सालँ गावात, पण ते आटवायला लागणारं लाकूड तिथे संपत आलं होतं. तेव्हा लाकूड पाण्याकडे नेण्याऐवजी २१ किलोमीटर नळ टाकून पाणीच जंगलाजवळ आणलं. अर्धवर्तुळात इमारती, मधोमध संचालकाचं घर, त्याच्या दर्शनी भागात वर एक गोल खिडकी. खांब तर असे की एक चौकोनी ठोकळा, एक गोल, पुन्हा चौकोनी. माणसाला दाबून टाकणारा भव्यपणा. इथे कामगार कारखान्यातच राहत, आणि मधल्या घरातून सगळीकडे नजर जाई. मिठावर राजाचा कर होता आणि त्या कराने गरीब माणूस पिळून निघे. राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये तो कर गेला. १९३० मध्ये वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याला मिठागरात उतरलेल्या सत्याग्रहींची नातवंडं-पतवंडं आजही कोकणात आहेत. त्यांच्यापैकी कोणी इथे आलं तर त्यांना या जागेचं काही समजावून सांगावं लागणार नाही. हिरवळीवर मुलं खेळत होती, बागांत फुलं होती. त्याच आवारात १९४१ ते १९४३ मध्ये जिप्सी कुटुंबांना डांबून ठेवलं होतं हे फलकावर लिहिलं आहे. सुंदर जागेबद्दल असं लिहून ठेवायला धैर्य लागतं आणि ते या लोकांनी दाखवलं आहे.

ओर्नां गावाला मी वसंतात गेले. लू नदीच्या दोन्ही काठांवर घरं थेट पाण्यावर झुकलेली. १८१९ मध्ये गुस्ताव कूर्बे हा चित्रकार इथे जन्मला. आपल्याच गावातल्या एका अंत्ययात्रेचं त्याने साडेसहा मीटर रुंद चित्र केलं, आणि त्यात राजे-सरदार नव्हे, गावचे शेतकरी, बायका, खड्डा खणणारा, असे सगळे माणसाच्या पूर्ण उंचीचे काढले. पॅरिसमध्ये गदारोळ उठला. इतकं मोठं चित्र आणि त्यात ही साधी माणसं! ओर्नांच्या पुलावर उभं राहिलं की त्या चित्रातले मागचे कडे आजही समोर दिसतात. लूचा उगम थोडा पुढे आहे. एका प्रचंड गुहेतून नदी पूर्ण रुंदीने, गर्जत बाहेर येते. हे पाणी कुठून येतं याचा उलगडा १९०१ मध्ये झाला. पोंतार्लिए गावात वीज पडून दारूच्या एका मोठ्या कारखान्याला आग लागली. साठवलेली आब्सांत नावाची दारू दू नदीत सोडून दिली, आणि दोन दिवसांनी तिचा वास लूच्या उगमाला आला. जमिनीखालून दूचंच पाणी इथे येत होतं.

मूळ सापडलं असं मी म्हटलं ते वरच्या पठारावर. लविए भागातल्या एका खेड्यातलं चीजघर. त्याला फ्रुइतिएर म्हणतात. सकाळी सहाला मोठ्या तांब्याच्या हौदात दूध होतं. बत्तीसेक अंशांवर त्यात विरजणाचं द्रव्य पडलं, दूध थिजलं, मग तारांच्या कंगव्याने ते कापून गव्हाच्या दाण्याएवढं केलं. पुन्हा तापवणं, पुन्हा ढवळणं. चीज करणारा मधूनमधून हौदात हात घालायचा, मूठभर दाणे काढायचा, दाबायचा, मग अंगठ्याने मोकळे करायचा. एकदा त्याने ती मूठ माझ्या तळहातावर उघडली. गरम, किंचित रबरी, दाबल्यावर कर्र असा आवाज. “अजून पाच मिनिटं,” तो म्हणाला, आणि यंत्रावरच्या आकड्याकडे त्याने पाहिलंही नाही.

कोंतेच्या एका चाकाला सुमारे ४०० लिटर दूध लागतं आणि तयार चाक ४० किलोच्या आसपास भरतं. एका घरच्या चारपाच गायींचं दूध एवढं कधीच नव्हतं. हिवाळा लांब, वाटा बर्फाने बंद, दूध साठवायचं तर टिकाऊ चीज करणं भाग. म्हणून तेराव्या शतकापासून इथल्या घरांनी दूध एकत्र करायला सुरुवात केली. पटलं म्हणून नव्हे, त्याशिवाय जमणारच नव्हतं म्हणून. पुढे सवय झाली. आजही चीजघर शेतकऱ्यांच्या मालकीचं आहे. दूध फक्त मोंबेलियार्द आणि सिमेंटाल जातींच्या गायींचं, तेही जवळच्या गोठ्यांतलं. गायीला मुरघास द्यायला बंदी, मुख्यतः गवत आणि वाळलेला चारा. एकूण उत्पादन किती करायचं हेही सगळे मिळून ठरवतात, म्हणजे भाव पडत नाही. तळघरात लाकडी फळ्यांवर चाकं निदान चार महिने मुरतात, पुष्कळशी त्याहून जास्त. तिथला माणूस हातोडीसारख्या छोट्या हत्याराने चाकावर टकटक करतो आणि आवाजावरून आत भेग आहे का ते सांगतो.

माझी आई करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत पहाटे म्हशीचं दूध घालते. फॅट लागते, पासबुकात नोंद होते, दहा दिवसांनी बिल निघतं, दिवाळीला दूध फरक मिळतो. त्या पैशांवर आम्ही भावंडं शिकलो. मी इथे आहे ती त्याच पैशांवर. त्यामुळे तांब्याच्या हौदाशेजारी उभं राहून मला अनोळखी असं काही वाटलं नाही. सहकार आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. प्रवरानगरला १९५० मध्ये शेतकऱ्यांनी साखर कारखाना उभा करून ते सिद्ध केलं आहे. फरक पुढच्या पायरीचा आहे. आमच्या संस्थेतलं दूध टँकरमध्ये पडलं की आमच्या गावाचं नाव संपतं. पिशवीवर संघाचं नाव येतं, तेही चांगलंच आहे, पण आईच्या दुधाची चव वेगळी होती का, हे पुढे कोणालाच कळत नाही. इथल्या प्रत्येक चाकावर एक खूणपट्टी असते. ते कोणत्या चीजघरात, कोणत्या दिवशी बनलं हे सांगता येतं. बाजारातल्या त्या आजीबाई कोंते चाखताना या गावची चव त्या गावच्या चवीपेक्षा निराळी ओळखतात आणि तिचे वेगळे पैसे मोजतात. शनिवारच्या रांगेतला तो सावकाशपणा मला इथे समजला. चाखणाऱ्याने वेळ दिला, म्हणूनच दूध घालणाऱ्याला भाव मिळाला.

आपल्या म्हशीच्या दुधाचंही असं काही होऊ शकेल. पन्हाळ्याच्या गवतावरचं दूध आणि उसाचं वाडं खाणाऱ्या म्हशीचं दूध यांची चव एक नसते, हे आमच्या गावातली कोणतीही बाई सांगेल. ते बाजाराला कळेल असा एखादा टिकाऊ पदार्थ गावाच्या नावाने करायला आपल्या संस्थांना काय अडचण आहे, हे शोधायला हवं.

आपले दूध संघ आणि कारखाने अभ्यासदौरे काढतात. त्यांतला एखादा ज्युरा पर्वतातल्या या चीजघरांकडे यावा, आणि शनिवारी बेझांसोंच्या बाजारात थांबावा. दौऱ्यात संचालकांबरोबर रोज दूध घालणाऱ्या चार बायका असाव्यात. नेमके प्रश्न त्याच विचारतील.